‘बसेल’ म्हणतात, तो दांडा

जुन्या सायकली माळ्यावरून खाली उतरू लागल्या आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. वडिलांची किंवा मामांची काळी सायकल घासूनपुसून लख्ख होते, टायर-ट्यूब नव्या येतात, ब्रेकचे रबर बदलतात आणि घोडं अडतं ते सीटखालच्या दांड्यापाशी. दुकानात त्याला सीट पिलर म्हणतात. जुना गंजलेला किंवा वाकलेला असतो आणि नवा मागितला की उत्तर ठरलेलं: “हा घेऊन जा, बसेल.”

या ‘बसेल’वर विसंबू नका. आपलं जवळजवळ सगळं वजन त्या एका दांड्यावर असतं.

आमच्या शेजारच्या मुलीला आजोबांची सायकल मिळाली, तेव्हा असाच एक बारीक दांडा पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवून दिला होता. सीट डावी-उजवीकडे फिरायची, म्हणून बोल्ट आवळला, पुन्हा आवळला. नळीच्या तोंडाचे दोन्ही कान एकमेकांना टेकले, मधली खाच वरून मिटली. रंगावर नख फिरवलं तेव्हा खाचेच्या खालच्या टोकापासून निघालेली केसाएवढी चीर हाताला लागली. दांडा शे-दोनशेत मिळतो, फ्रेम मिळत नाही.

आपल्याकडच्या काळ्या सायकली इंग्लिश धाटणीच्या, त्यामुळे मापं इंचाची. मिस्त्री अजून सुतात बोलतात, इंचाला आठ सूत. सीटची उभी नळी बाहेरून साधारण नऊ सूत, म्हणजे २८.६ मिलिमीटर, आणि आतला दांडा बहुधा आठ सूत, २५.४ मिलिमीटर. पण हे ‘बहुधा’च. नळीचा पत्रा जितका पातळ, तितका आतला दांडा जाड. इंग्लंडमध्ये १९३५ साली रेनॉल्ड्सची ५३१ ही हलकी, मजबूत नळी आली. तीही बाहेरून २८.६, पण तिच्यापासून केलेल्या कितीतरी फ्रेमना २७.२चा दांडा लागतो. जुन्या फ्रेंच सायकलींची नळी बाहेरून २८ मिलिमीटर, तिथे २६.४ वगैरे मापं निघतात. थोडक्यात, नळी बाहेरून बघून काही कळत नाही. शिवाय ही मापं दोन दशांश मिलिमीटरच्या पायऱ्यांनी चढतात. म्हणजे एका सुताचा सोळावा भाग! तो अंदाजाने ओळखणारा डोळा मी तरी पाहिलेला नाही.

मग काय करायचं? जुना दांडा काढून रॉकेलने पुसा. खालच्या बाजूला पुष्कळदा आकडा ठोकलेला असतो. नसेल तर व्हर्निअर कॅलिपरने दोन-तीन ठिकाणी माप घ्या, गंज लागलेली जागा सोडून. पण आधीच कोणीतरी चुकीचा दांडा घातलेला असू शकतो. म्हणून नळीच्या तोंडाकडे बघा. खाचेच्या कडा वर एकमेकींकडे झुकल्या असतील, तर आत बारीक दांडा होता असं समजा. आधी त्या कडा समांतर करून घ्या, नळी आतून साफ करा आणि मग एकेक दांडा घालून पाहा, लहानाकडून मोठ्याकडे. ग्रीस लावून, हातोडी न उचलता, हाताने आत जाणारा सगळ्यात जाड दांडा तो आपला. बोल्ट आवळण्याआधीच तो खुळखुळता कामा नये.

वरचं टोकही बघायला विसरू नका. क्लिपवाल्या स्प्रिंगच्या सीटला वर सात सुताचा दांडा लागतो, आणि हे दुकानात हमखास राहून जातं. उंच माणसाने दांडा लांब घ्यावा. अडीच इंचांपेक्षा कमी भाग आत ठेवून सायकल चालवू नये, आणि दांड्यावर मर्यादेची रेघ असेल तर ती नळीच्या बाहेर दिसू देऊ नये. नेमकं माप मिळालंच नाही तर योग्य जाडीची तयार बाही, म्हणजे शिम, घालायला माझी हरकत नाही. डब्याच्या पत्र्याला आहे.

सायकल दुकानदारांना एक विनंती: पान्यांच्या शेजारी एक व्हर्निअर ठेवा. आणि वाचकहो, दुकानात नुसता जुना दांडा पिशवीत घालून नेऊ नका, अख्खी सायकल घेऊन जा.