रामोचं जुनं व्हर्जन

आमच्या धंद्यात जुनं व्हर्जन म्हणजे मेलेलं व्हर्जन. त्यातले बगही कोणी दुरुस्त करत बसत नाही. कोडपुरतं ठीक आहे. पण झाँ-फिलिप रामोच्या 'कास्तोर ए पोल्युक्स' या ऑपेराबद्दलही लोक हेच बोलू लागतात, की १७५४ची आवृत्ती त्यानं स्वतः सुधारली, म्हणजे तीच खरी, तेव्हा माझं डोकं फिरतं.

गोष्ट जुळ्या भावांची. पोल्युक्स ज्युपिटरचा मुलगा, अमर; कास्तोर मर्त्य. कास्तोर लढाईत मरतो आणि पोल्युक्स त्याच्याऐवजी पाताळात जायला निघतो. १७३७ साली पॅरिसमध्ये आलेल्या मूळ रूपात, प्रोलॉग संपला की आपण थेट मयतावर पोचतो. कोण होता, कसा होता, काही कळायच्या आत कोरस रडायला लागतो. एफ मायनर, अर्ध्या अर्ध्या स्वरानं खाली घसरत जाणारा विलाप. थोड्या वेळानं कास्तोरची तेलाईर एकटी गाते, 'त्रिस्त अप्रे', सोबतीला बासूनचा एकाकी आवाज. आणि हे गाणं ई फ्लॅट मेजरमध्ये आहे! मेजर म्हणजे आनंदी असं रील्सवर शिकलेल्यांनी एकदा ऐकाच.

१७५४मध्ये रामो सत्तरीचा. शहरात इटालियन विरुद्ध फ्रेंच संगीत असं भांडण पेटलेलं. प्रोलॉग उडवला, बरंच झालं. मधले दोन अंक एक केले, गोष्ट पळायला लागली. पण सुरुवातीला नवाच अंक जोडला: कास्तोर जिवंत, पोल्युक्स त्याच्यासाठी तेलाईरवर पाणी सोडतो, मग हल्ला, मग मृत्यू. मयत ढकललं दुसऱ्या अंकात.

यावर म्हणतात, आता कास्तोर ओळखीचा झाला, म्हणून रडू जास्त येतं. साफ खोटं. दुःख कळायला बायोडेटा लागत नाही. रस्त्यानं अनोळखी अंत्ययात्रा गेली तरी आपण बाजूला होऊन थांबतोच की. १७३७चा रामो आपल्या त्या थांबण्यावर भरवसा ठेवतो. १७५४चा आधी डॉक्युमेंटेशन हातात देतो, मग रडायची परवानगी. हे रूप जोरात चाललं. चालणारच, सोपं आहे ते.

पिशों यांनी १७५४चं रूप ध्वनिमुद्रित केलंय, हार्नोनकूर आणि क्रिस्टी यांनी १७३७चं. आधी १७३७ लावा. प्रोलॉग खुशाल स्किप करा, तेवढ्यावर म्हातारा रामोही तुमच्या बाजूनं आहे.