लेन्सची परीक्षा

जुनी, स्टॅबिलायझर नसलेली ७०-३०० मिमीची टेलिफोटो लेन्स घेतली. भिगवणला रोहित पक्षी टिपले, तर सगळे फोटो धूसर! अम्मी म्हणाल्या, "पैसे पाण्यात गेले." मी दुकानदाराला फोनवर नको ते बोललो.

मग घरीच लेन्स तपासली. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवले, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून टायमर लावला. ३०० मिमीवर एफ ५.६ला अक्षरे किंचित पुसट, एफ ८ला स्वच्छ; चारही कोपरे सारखे. लेन्स चांगलीच होती. भिगवणला मीच शटर १/१२५ ठेवले होते. हातात धरून ३०० मिमीला निदान १/५०० हवे.

संध्याकाळी दुकानात जाऊन सलाम केला, माफी मागितली. नापास करण्याआधी आपली प्रश्नपत्रिका तपासावी, हे वीस वर्षे शिकवूनही राहून गेले होते.