जुनी डिस्क घ्या, पण दोन घ्या

घरचे फोटो आणि कागदपत्रं सांभाळायची तर हार्ड डिस्क नवीच हवी, वापरलेलीवर भरवसा कसा ठेवायचा, असं बहुतेकांना वाटतं. माझं म्हणणं असं की भरवसा नव्या डिस्कवरही ठेवायचा नसतो. सतत फिरणारी तबकडी आणि तिला न टेकता काही नॅनोमीटरवरून सरकणारं हेड, हे यंत्र कधी ना कधी बंद पडणारच. वॉरंटी असली तर कंपनी डिस्क बदलून देईल. आजोबांचा रेकॉर्ड केलेला आवाज देणार नाही. एका नव्या डिस्कच्या पैशांत दोन चांगल्या जुन्या मिळत असतील, तर दोन जुन्या घ्याव्यात. त्याही एकाच दुकानातून, एकाच खेपेतल्या नकोत.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे अशा डिस्क मिळतात. बऱ्याच सर्व्हरमधून नाहीतर सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेल्या असतात. फारच स्वस्त मिळाली तर आधी जोडणी बघा. सर्व्हरची सॅस डिस्क घरच्या कॉम्प्युटरच्या साटा जोडणीवर चालत नाही.

मग दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम चालवून दाखवायला सांगा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, ती ‘स्मार्ट’ यादी त्यात दिसते. डिस्क किती तास चालली तेही त्यात असतं. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे ३०,००० तास चाललेली डिस्क जवळपास साडेतीन वर्षं अखंड फिरली आहे. या आकड्याला मी फारसा भीत नाही. थंड खोलीत एका जागी फिरत राहिलेली डिस्क, लॅपटॉपमधून आदळत-आपटत फिरलेल्या कमी तासांच्या डिस्कपेक्षा मला बरी वाटते. मी बघतो त्या ५, १९७ आणि १९८ क्रमांकाच्या ओळी. खराब म्हणून बदललेले आणि वाचता न येणारे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, तिथे मोजले जातात. तिन्हींपैकी एका जरी ओळीचा मूळ आकडा शून्याहून जास्त असेल, तर दुकानदार कितीही किंमत उतरवो, डिस्क घेऊ नका.

तासांचा आकडा खोटाही असू शकतो. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीतल्या हाइझे या प्रकाशनाने उघडकीला आणलं की नव्या म्हणून विकलेल्या सीगेटच्या अनेक डिस्क प्रत्यक्षात हजारो तास वापरलेल्या होत्या. जुन्या गाडीचं मीटर मागे फिरवावं तशी कुणीतरी त्यांची स्मार्ट नोंद पुसली होती. सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची आणखी एक नोंद असते, तिच्यात खरे तास सापडले. म्हणून सीगेटची डिस्क घेताना दोन्ही नोंदी ताडून पाहा.

नोंद खरी असली तरी ती पुरेशी नाही. गूगलने २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या स्मार्टमध्ये, तापमान सोडलं तर, कोणताही इशारा नव्हता. त्यामुळे घरी आणल्यावर डिस्क एकदा पूर्ण भरून तपासावीच लागते. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना ‘क्विक’वरची खूण काढली की ते काम होतं. चार टेराबाइटला सात-आठ तास किंवा जास्तही लागतात, लागू द्या. नंतर त्या तीन ओळी पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर डिस्क परत करा. त्यासाठीच बिलावर सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी लिहून घ्यायची.

पूर्ण फॉरमॅटचा आणखी एक उपयोग आहे, आधीच्या मालकाचं सगळं त्यात पुसलं जातं. एमआयटीतल्या गारफिंकल आणि शेलात या दोघा संशोधकांनी १५८ वापरलेल्या डिस्क विकत घेतल्या होत्या. त्यातल्या १२९ चालल्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. दुसऱ्या कुणाच्या घरातले फोटो तुमच्या हाती आले तर उघडू नका, पुसून टाका. आपली डिस्क विकताना हीच काळजी आपणही घ्यायची.

आता दोन डिस्क झाल्या. त्या एकाच कपाटात ठेवल्या तर व्यर्थ. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे कपाटंच्या कपाटं पाण्याखाली गेली. एक डिस्क बहिणीकडे, मामाकडे, दुसऱ्या गावी ठेवा. दिवाळीला जाल तेव्हा ती जोडा, दहा-बारा फोटो खरोखर उघडून बघा आणि वर्षभरातलं नवं तिच्यात भरा. तुमच्या घरचे फोटो आज फक्त फोनमध्ये असतील, तर पहिली डिस्क याच महिन्यात घ्या.