जळलेले रान आणि मृगाची पहिली सर



चैत्र लागला की आपल्या वऱ्हाडात धुरे पेटू लागतात. मागे एका वर्षी मीही वलगावच्या वावरात धुऱ्यावरचे वाळले गवत पेटवले. भर दुपार, त्यात वारा सुटलेला. जाळ शेजारच्या पडितात शिरला आणि शेजाऱ्याची कडब्याची गंजी गेली. गंजीची भरपाई मी केली. पडिताची मात्र करता आली नाही. मृगाच्या पहिल्या सरींनी राख नेलीच, तिच्याखालची बोटभर मातीही नाल्यात नेली. आगीपेक्षा पावसाने जास्त नुकसान केले.

राख म्हणजे खत, असे आपण म्हणतो. तिच्यात पालाश व चुना असतो हे खरे. पण नत्र आणि गंधक बरेचसे धुराबरोबर उडून जातात. वरचे गवत गेल्यामुळे थेंब उघड्या मातीवर आपटतो आणि पाणी न मुरता वाहते.

म्हणून रान जळाले तर पावसाआधी एवढे करा. जळक्या फांद्या, पऱ्हाट्या, दगड उताराला आडवे रचा. नांगर-वखर घालू नका. उरलेल्या मुळांनीच माती धरलेली असते. सागाची जळकी रोपे जमिनीलगत छाटा, पावसात नवा सरळ कोंब येतो. उघड्या जागी मारवेलाचे ठोंब लावा. आणि निदान एक पावसाळा गुरे आत सोडू नका. गवत कापून गोठ्यात आणा.

गुरे आवरणे कठीण, असे कोणी म्हणेल. त्यांनी अचलपूर तालुक्यातले पायविहीर पाहून यावे. २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने उजाड रान राखले, माती-पाणी अडवले, झाडे लावली. आज गाव त्या रानातली सीताफळे विकते. एकट्याने होत नाही ते गावाने ठरवले की होते.

शेवटी मूळ कारणाकडे वळू. मेळघाटात मोहफुले वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, त्यातूनही वणवे लागतात. तोच पाला झाडून बाजूला केला तरी फुले स्वच्छ वेचता येतात. आमच्या वलगावजवळ, पेढी नदीपाशी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांच्या हातात जन्मभर खराटा होता. धुरा असो की मोहाचे झाड, काडीपेटी घरी ठेवावी आणि खराटा, विळा घेऊन निघावे.