रक्तातील बुरशीचा भूगोल

चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'पीजीआय'च्या बालरोग विभागात १९९६ ते १९९८ या काळात तब्बल तेवीस महिने एक साथ रेंगाळली. 'पिचिया अनोमाला' या एरवी क्वचितच रोग निर्माण करणाऱ्या बुरशीने ३७९ नवजात अर्भके व बालके यांना ग्रासले. संस्थेने हे लपवले नाही. तपास केला आणि निष्कर्ष जाहीरपणे प्रसिद्ध केले. बुरशीचा प्रवास आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातांवरून होत होता. कर्मचाऱ्यांना हात धुण्याचे धडे नव्याने दिले गेले, धोक्यातील अर्भकांना प्रतिबंधक औषध सुरू झाले, तेव्हाच साथ आटोक्यात आली.

रुग्णालयांतील बुरशीजन्य रक्तसंसर्ग प्रदेशागणिक बदलतो, असे आपण वाचतो आणि त्याचे खापर हवामानावर फोडून मोकळे होतो. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. पीजीआयमधीलच डॉ. अरुणालोक चक्रवर्ती यांच्या पुढाकाराने देशातील २७ अतिदक्षता विभागांचा अभ्यास झाला. २०११-१२ मधील सुमारे दीड वर्षाच्या या पाहणीत रक्तात 'कॅन्डिडा' सापडलेले १,४०० रुग्ण नोंदले गेले; दर हजार दाखल रुग्णांमागे साडेसहा. युरोप-अमेरिकेत दीर्घकाळ आघाडीवर राहिलेली 'अल्बिकान्स' ही जात येथे मागे होती. 'ट्रॉपिकॅलिस'चा वाटा ४१.६ टक्के होता. एकूण ३१ जाती आढळल्या. तीस दिवसांत सुमारे ४५ टक्के रुग्ण दगावले. या सर्वच मृत्यूंना केवळ बुरशी कारणीभूत नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

माझ्या मते त्या अहवालातील सर्वांत बोलका तपशील निराळाच आहे. संसर्ग लवकर, म्हणजे अतिदक्षता विभागात दाखल झाल्यापासून साधारण आठव्या दिवशी होत होता. आणि तोही तुलनेने तरुण व कमी अत्यवस्थ रुग्णांना. शरीर खचले म्हणून बुरशी शिरली, असे अशा रुग्णाबाबत सहज म्हणता येत नाही. मग प्रश्न येतो तो सलाइनच्या नळ्या हाताळण्याचा, प्रतिजैविकांच्या सढळ वापराचा आणि एका परिचारिकेकडे किती खाटा आहेत, याचा.

'कॅन्डिडा ऑरिस'ची कथा याच दिशेने जाते. २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णिलेली ही जात वरील २७ पैकी १९ विभागांत आढळली. प्रचलित यंत्रे तिला दुसऱ्याच जातीचे नाव देत असत. खाटांच्या कठड्यांवर व उपकरणांवर ती दीर्घकाळ टिकते आणि फ्लुकोनाझोल या स्वस्त औषधाला बहुधा दाद देत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात उत्तर भारतातील आणि सरकारी रुग्णालयांतील रुग्णांत ती आढळण्याची शक्यता सुमारे दुपटीने अधिक दिसली. उत्तर भारत हा भूगोल झाला; 'सरकारी रुग्णालय' हे मात्र हवामान नव्हे. सरकारी आरोग्यसेवेचा कैवार घेणाऱ्या माझ्यासारख्यांना हा आकडा टोचतो, आणि टोचलाच पाहिजे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे व्हिएन्ना आठवते. १८४७ मध्ये सेमेलवाइस यांनी एकाच रुग्णालयातील दोन प्रसूतिकक्षांचे मृत्युदर शेजारी-शेजारी मांडले. दोन्हींचे हवामान एकच. फरक होता शवविच्छेदन करून येणाऱ्या हातांचा. तुलना शक्य झाली, कारण दोन्ही कक्षांच्या नोंदी होत्या.

आपल्याकडे अडते ते येथेच. चंदीगड केंद्रशासित, खेटून असलेले मोहाली पंजाबात, पंचकुला हरियाणात. रुग्ण या तिन्हींत फिरतो, हिमाचलातूनही येतो. नियमन मात्र निरनिराळे. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा चंदीगडला लागू आहे, पंजाबने २०२० मध्ये स्वतःचा केला. महाराष्ट्र अजून १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावरच चालतो. रुग्णालये हा राज्य सूचीतील विषय, हे खरे. तथापि सांसर्गिक रोगांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा फैलाव रोखणे हा सामाईक सूचीतील २९ वा विषय आहे, याचा दिल्लीला सोयीस्कर विसर पडतो. सोय असली की आठवणही होते: मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची नोंद राज्यांनी सक्तीची करावी, असे केंद्राने १८९७ च्या साथरोग कायद्याचा आधार घेऊन कळवलेच होते.

तेच पाऊल रक्तातील कॅन्डिडासाठी का उचलू नये? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रतिजैविक-प्रतिरोध जाळे २०१३ पासून काम करते आणि बुरशींसाठी त्याचे मध्यवर्ती केंद्र पीजीआयच आहे. पण अशा जाळ्यात मुख्यतः मोठी रुग्णालये येतात. तालुक्याच्या गावातील दहा खाटांचा खासगी अतिदक्षता विभाग येत नाही. जेथे रक्ताचे कल्चरच होत नाही, तेथे बुरशीही नाही, असा कागदोपत्री निष्कर्ष निघतो. त्यातच कल्चरने अशा संसर्गांपैकी जेमतेम निम्मेच पकडले जातात. नकाशावर कमी रुग्ण दाखवणारा जिल्हा म्हणूनच सुरक्षित मानता येत नाही.

आरंभ खर्चिक असण्याची गरज नाही. अतिदक्षता विभागाची परवानगी वा सरकारी विम्याची मान्यता देताना कल्चरची सोय आणि दरमहा नोंद ही अट घालता येईल. हे आकडे रुग्णालयाला शिक्षा करण्यासाठी वापरू नयेत, निदान पहिली काही वर्षे; अन्यथा नोंदच होणार नाही, हे प्रशासनात उमेदवारी केलेला कोणीही सांगेल. आणि मोहालीहून पीजीआयकडे किंवा सांगलीहून पुण्याकडे पाठवल्या जाणाऱ्या रुग्णाच्या चिठ्ठीवर, त्याच्याकडे 'ऑरिस' आढळली होती की नाही, एवढी एक ओळ सक्तीची करावी.