पान्हा धरणाऱ्याचंही ऐका!

प्लेसमेंटचा सीझन आला की आपल्या होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं. "पॉवर प्लँट? नको रे बाबा, तिथे टेक्निशियनसारखं राबावं लागतं!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण 'टेक्निशियन' हा शब्द आपण किती सहज खालच्या पायरीवर ठेवून देतो, ते यात दिसतं. या सवयीची किंमत मोजावी लागते, आणि ती बहुतेक वेळा आपल्याला मोजावी लागत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी हा माणूस कोण ते पाहू. दहावीनंतर आयटीआय केलेला फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. मग 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली एखाद्या केंद्रात उमेदवारी. नशीब असेल तर महानिर्मितीत 'तंत्रज्ञ-3', नसेल तर कंत्राटदाराच्या हजेरीपटावर नाव. तीन शिफ्टचं आयुष्य. दिवाळीच्या रात्री आपण आकाशकंदील लावतो तेव्हा हा थर्ड शिफ्टला डबा घेऊन निघालेला असतो.

आता त्याचं काम. 210 मेगावॅटचं एक युनिट घ्या, आपल्या पुस्तकातल्या रँकाइन सायकलचं सोडवलेलं उदाहरण वाटेल असं. वाफेचा दाब 150 किलोच्या आसपास, तापमान 540 अंशांच्या घरात, टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे, आणि पूर्ण लोडवर दिवसाला तीन-साडेतीन हजार टन कोळसा. परीक्षेत आपण टी-एस डायग्रॅम काढतो, एफिशियन्सी लिहितो आणि उत्तराखाली दोन रेघा मारतो. प्लँटमध्ये त्या दोन रेघांच्या पुढे खरा पेपर सुरू होतो.

उदाहरणार्थ, सुपरहीटेड वाफ डोळ्यांना दिसत नाही. पांढरं दिसतं ते गार होऊन झालेले पाण्याचे थेंब. त्यामुळे लाइन लीक असेल तर जुना माणूस हात पुढे करत नाही, काठीला बांधलेलं फडकं किंवा झाडू पुढे धरून चालतो. फडकं उडालं की तिथेच थांबायचं! बेअरिंगवर लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून, मूठ कानाला लावून तो आवाज ऐकतो आणि सांगतो, "साहेब, ही मोटर आठवडा काढणार नाही." पावसाळ्यात ओला कोळसा बंकरमध्ये चिकटून बसतो, फीडर रिकामा फिरतो, तेव्हा चुटवर घण घालायला हाच असतो. बॉयलरची ट्यूब फुटली तर युनिट बंद करून, भट्टी पुरती निवायच्या आत, आतमध्ये परांची बांधून वेल्डर शिरतो. दोन नळ्यांच्या मागची जागा दिसत नसेल तर आरशात बघून टाका मारतो. त्या जोडाचा एक्स-रे निघतो, म्हणजे त्याचा पेपर खरोखर तपासला जातो. आपल्यापैकी कितीजणांनी वर्कशॉपचा जॉब स्वतः घासला, हे ज्याचं त्याला ठाऊक!

यावर एक आक्षेप ठरलेला. "आता सगळं डीसीएसवर असतं, कंट्रोल रूममध्ये बसून माउसवर चालतं." बरोबर आहे, बरंच काही चालतं. पण स्क्रीनवर जो आकडा दिसतो तो सेन्सर सांगतो तो. सेन्सरची नळी राखेनं चोंदली असेल तर आकडा शांत असतो आणि आतलं यंत्र अशांत. आणि समजा ब्लॅकआउट होऊन स्टेशनचा एसी सप्लायच गेला, तर बॅटरीवरचा डीसी ल्यूब ऑइल पंप सुरू झाला का, हे जागेवर जाऊन बघणारं कोणीतरी लागतं. टर्बाइन थांबल्यावर रोटर सावकाश फिरत राहिला नाही तर वाकतो. बॅरिंग गिअर चाललं नाही तर तो हातानं फिरवायचा. त्या वेळी माउस काय कामाचा?

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. "आम्ही चार वर्षं शिकलो ती पाने फिरवायला नाही." मान्य. इंजिनिअरचं काम वेगळंच आहे. त्यानं निर्णय घ्यायचा असतो. पण निर्णयासाठी लागणारी बातमी खालून येते, आणि ती आणणाऱ्याला आपण 'अरे ए' म्हणत असू तर तो ती आणणार तरी कशाला?

हा काही नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. 1 नोव्हेंबर 2017 रोजी उत्तर प्रदेशातल्या उंचाहार औष्णिक केंद्रात 500 मेगावॅटच्या सहाव्या युनिटच्या भट्टीत तळाशी राख साचली होती. लोड कमी करून युनिट चालू ठेवलं होतं आणि राख काढायचंही काम चाललं होतं. भट्टीतला दाब एकदम वाढला, तापलेले वायू आणि राख बाहेर आली. चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यांत बरेच कंत्राटी कामगार होते. युनिट बंद करायचं की चालू ठेवून खाली माणसं पाठवायची, हा प्रश्न उद्या आपल्यापैकी कोणाच्याही टेबलावर येईल. एका पारड्यात मेगावॅट आणि वरून येणारे फोन असतील. दुसऱ्या पारड्यात खाली उभ्या असलेल्या माणसाचा शब्द. त्या शब्दाला वजन असायला हवं, आणि ते देणं आपल्या हातात आहे.

वर्क परमिटची पद्धत याचसाठी आहे. ब्रेकर उघडला, टॅग लावला, कुलूप घातलं, मगच सही. इंजिनिअरच्या त्या सहीवर विश्वास ठेवून माणूस आपला हात यंत्रात घालतो. केबिनमधून न उठता केलेली सही म्हणजे त्या विश्वासाला दिलेला दगा. कंत्राटी माणसाला तर हे दुपटीनं लागू. राख तीच, उष्णता तीच, मग ट्रेनिंग आणि सेफ्टी शूज कमी दर्जाचे का?

आपण इथे काय करू शकतो? आपली इंडस्ट्रिअल व्हिजिट म्हणजे हेल्मेट घालून ग्रुप फोटो, समोसा आणि परत. त्याऐवजी चंद्रपूर, कोराडी, एकलहरे, जिथे जाऊ तिथे निदान दोन तास एखाद्या फिटर किंवा ऑपरेटरबरोबर फिरायची परवानगी मागावी. त्याचं लॉगबुक वाचावं. टेक्निकल फेस्टिव्हलला मोठमोठे साहेब बोलावतो, एक सेशन निवृत्त बॉयलर ऑपरेटरला द्यावं. आणि हे सगळं लांब वाटत असेल तर आपल्याच वर्कशॉपमधल्या मामांपासून सुरुवात करावी. लेथवर आपला जॉब बिघडला की ते आवाजावरून ओळखतात. कसं ओळखतात, हे विचारलंय का कधी? जर्नलमध्ये नसलेलं उत्तर मिळेल.