सफर सायकलची : पन्हाळ्याचा चढ

काय दोस्तांनो, दिवाळीच्या सुट्टीचे बेत ठरले का? किल्ला, फराळ, मामाचं गाव हे तर आहेच. पण सायकल कोपऱ्यात धूळ खात पडली असेल, तर आणखी एक बेत सुचवतो. कोल्हापूर ते पन्हाळा! अंतर सुमारे २० किलोमीटर. पण शेवटी असा चढ लागतो, की भल्याभल्यांची बडबड बंद होते!

दिवस शरदाचेच निवडा. पावसाळ्यात घाटाचा भरवसा नसतो. २०२१ च्या जुलैमध्ये अतिवृष्टीमुळे पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला होता. आता पाऊस सरलाय, उतारावर सोनकीची पिवळी फुलं आहेत. मात्र ऑक्टोबरचं ऊन फार तापतं. म्हणून उजाडता उजाडता निघायचं.

शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली, की रत्नागिरीचा रस्ता. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. केर्लीला जोतिबाचा फाटा फुटतो. आपण तिकडे वळायचं नाही, वाघबीळ गाठायचं आणि तिथून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागायचं. गड आजूबाजूच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने गडाला चार महिन्यांहून अधिक काळ वेढा घातला, तरी महाराज १२ जुलैच्या रात्री निसटून विशाळगडाकडे गेलेच. असा उंच गड नुसत्या दांडगाईने हाती येत नाही. सायकलवाल्यांनाही नाही!

आता थोडं गणित करू. तुमचं वजन ४० किलो, सायकलचं १५. हे ५५ किलो ४०० मीटर वर न्यायचे. निव्वळ चढण्याचं काम फक्त ५० किलोकॅलरींचं! मग एवढा घाम का? कारण आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्साच कामाला लावतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे खर्च २०० किलोकॅलरींच्या आसपास. एक भाकरी जिरली म्हणा ना!

गिअरमुळे हे काम कमी होत नाही बरं का, ते फक्त वाटून घेता येतं. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला २२ असतील, तर एका पायडलला मागचं चाक दोनदा फिरतं. दोन्हीकडे २८ दाते असतील तर एकदाच. जोर कमी लागतो, पण पाय जास्त वेळा फिरवावे लागतात.

आणि ज्याच्याकडे गिअरच नाही, त्याने काय करायचं? गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या पाच जणांबरोबर मी गेलो होतो. चौघांकडे गिअरच्या सायकली. सातवीतल्या एकीकडे मात्र दादाची जुनी, साधी सायकल. वाघबीळच्या चढाला ती मागं पडली. तेवढ्यात उसाने भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, कण्हत कण्हत वर निघाला.

पुढून एक जण ओरडला, "अगं, ट्रॉलीला धर की! फुकटात वर येशील!"

ती हात पुढे करणार, इतक्यात ट्रॉलीचं मागचं चाक खड्ड्यात आपटलं. अख्खी मोळी हलली आणि चार-पाच ऊस धाडकन रस्त्यावर पडले. तिने हात मागे घेतला.

"न्हाई धरणार. ढकलत येतो मी," ती म्हणाली. (कोल्हापूरच्या मुली 'येते' नाही, 'येतो' म्हणतात!)

ती उतरली आणि चालू लागली. सगळे गप्प झाले. मग तो ओरडणाराच वरून माघारी आला. "माझी घे. मी ढकलतो तुझी." पुढे प्रत्येक वळणावर सायकली बदलल्या गेल्या. चहाच्या टपरीवर पाण्यासाठी दोनदा थांबलो. वर पोचायला ठरल्यापेक्षा तासभर जास्त लागला, पण पाचही जण एकदम पोचले. झुणका-भाकर, दही आणि ठेचा यांचा जो फडशा पडला, काय सांगू!

म्हणून घाटाचा पहिला नियम : सगळ्यात मागच्याचा वेग, तोच सगळ्यांचा वेग. दुसरा : चढताना एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर वेग कमी करा. उतरून ढकलण्यात कसलाही कमीपणा नाही. तिसरा : चालत्या वाहनाला हात लावायचा नाही. म्हणजे नाहीच!

खरी परीक्षा असते उतरताना. चढताना कमावलेली सगळी ऊर्जा आता ब्रेकला पचवायची असते. वेग दुप्पट झाला, की थांबायला चौपट अंतर लागतं. म्हणून सुरुवातीपासूनच हळू. दोन्ही ब्रेक थोडे दाबायचे, थोडे सोडायचे. पुढच्या सायकलपासून भरपूर अंतर ठेवायचं आणि वळणावर शर्यत लावायची नाही.

आई-बाबांनो, आदल्या दिवशी ब्रेक, चेन आणि हवा तपासा. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट आणि सोबत एक मोठं माणूस हवंच. बाकी पोरांना घाम गाळू द्या.

२०२५ मध्ये पन्हाळा इतर मराठा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. जगभरचे लोक तो गाडीतून बघायला येतील. तुम्ही मात्र पायडल मारत या. आणि हो, मागं राहिलेल्याला सोबत घेऊन या!